हसणाऱ्यांत मीही होते

'पोचो' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कॅनडात, वॉटर्लूमधल्या आमच्या ऑफिसच्या लंचरूममध्ये. आम्ही सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचो. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका दिवसभर हुडकायच्या आणि लिहून ठेवायच्या. चुका काढण्याचा पगार मिळतो, हे फोनवर सांगितलं तेव्हा नागपूरहून माझी आई म्हणाली होती, "मंग तर तुले जन्मभर काम पुरते." आई मला ओळखून होती.

माझ्या शेजारच्या टेबलाला एक बाई बसायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. जन्म टेक्सासचा, आईवडील मेक्सिकोचे, नवरा कॅनडाचा. तिचं गाव अगदी सीमेवर. मधे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे मेक्सिको. आजी पलीकडे राहायची आणि ही मंडळी अलीकडे. दर रविवारी जेवायला पूल ओलांडून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं तिचं लहानपण गेलं. आम्ही दोघी इंग्रजीतच बोलायचो, पण मला ती आठवते ती मराठीतच बोलताना. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यानं तिचं भाषांतर करून टाकलंय.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पॉटलक असायचा. प्रत्येकानं 'आपल्या देशाचं' काहीतरी आणायचं. मला दर वेळी समोसे सांगत. नागपूरची बाई समोसे कशाला करत बसेल? पण वाद घालायचा कंटाळा यायचा. मग मी ग्रोसरीतले फ्रोझन समोसे गरम करून न्यायचे आणि लोक म्हणायचे, वा, एकदम ऑथेंटिक. ती मात्र पहाटे उठून मैद्याच्या पातळ पोळ्या लाटायची, त्यात खिमा आणि पिवळं चीज भरून डबाभर गुंडाळ्या आणायची.

त्या शुक्रवारी टीममध्ये एक नवा इंजिनिअर होता, मेक्सिकोच्या राजधानीतून नुकताच आलेला. त्यानं एक घास खाल्ला, हसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हे मेक्सिकन नाही हं. हे पोचो आहे." वाईट मनानं नाही म्हणाला. आणखी दोन घेतल्या त्यानं. तिनं डब्याला झाकण लावलं आणि दुपारभर कीबोर्ड बडवत बसली.

सोमवारी मी विचारलं. मला राहवत नाही. पोचो म्हणजे काय गं?

"मूळ अर्थ फळाचा," ती म्हणाली. "जास्त पिकून मऊ पडलेलं, रंग उतरलेलं फळ. तसली माणसं म्हणजे आम्ही. मेक्सिकन रक्ताचे, अमेरिकेत वाढलेले, अर्धं वाक्य स्पॅनिश आणि अर्धं इंग्रजी. आमचं जेवण पोचो, आमची गाणी पोचो, आमचं बोलणं तर पोचोच."

"म्हणजे शिवी आहे."

"कोण म्हणतं त्यावर आहे. माझे भाचे आता टी-शर्टवर छापून हिंडतात, आम्ही पोचो म्हणून. त्यांना त्यात मजा वाटते. त्यांचं म्हणणं, हे काही बिघडलेलं मेक्सिकन नाही आणि बिघडलेलं अमेरिकनही नाही, हे तिसरंच आहे आणि ते आमचं आहे. पटतं मला. पण माझ्या तोंडून नाही निघत." मग म्हणाली, "आणि त्या मुलाला हेही ठाऊक नाही की उत्तर मेक्सिकोत सगळेच मैद्याच्या पोळ्या खातात. राजधानीवाल्यांना देश म्हणजे राजधानीच वाटते."

हे मात्र मला फार आवडलं. कारण मी पुण्याला होस्टेलवर चार वर्षं काढली आहेत. नागपूरहून गेले तेव्हा माझ्या तोंडी 'करून राहिली', 'मले', 'तुले', सगळं होतं. रूममेट्स पोट धरून हसायच्या. एक जण तर माझ्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायची, घरी पाहुणे आले की लहान मुलाकडून कविता म्हणवून घेतात ना, तसं. मीही म्हणून दाखवायचे. वर्षभरात मी ते सगळं घासून काढलं. इतकं की सुट्टीत घरी गेल्यावर आई म्हणाली, "मोठी बाई झाली व तू, रेडिओवानी बोलून राहिली." मी माझ्या या मेक्सिकन मैत्रिणीला ही सगळी कहाणी सांगितली. ती म्हणाली, "मग तुला कळला शब्द." मला खरंच वाटलं, कळला.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. वॉटर्लूतच वाढलेली. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मधे मधे मराठी पेरायची. "आई, आय डोन्ट वॉन्ट भाजी, जस्ट वरण." मला ते कानाला टोचायचं. चुका काढायची सवय ऑफिसात राहत नाही, घरी येते. मी प्रत्येक वाक्याला टोकायचे. फक्त रविवारी सकाळी नागपूरला फोन लावला की ती आजीशी बोलायची, आणि तिथे मात्र मराठीतच, कारण आजीला इंग्रजी येत नव्हतं. फोन घेऊन बेसमेंटमध्ये जायची. काय बोलतात, मी कधी ऐकलं नव्हतं. मला तेवढाच अर्धा तास मोकळा मिळायचा, मी त्यात कपड्यांच्या घड्या घालायचे.

आमच्यात नुसतं जयंती म्हटलं की पुढे नाव जोडावं लागत नाही. एप्रिलात असते. लहानपणी आमच्या वस्तीत त्या दिवशी मुलांची भाषणं व्हायची आणि त्यात माझा हात कोणी धरत नसे. कॅनडातही आमची माणसं एखादा शनिवार गाठून जयंती करायची. वंदना, जेवण, आणि मुलांची भाषणं. त्या वर्षी कार्यक्रम व्हिटबीला होता, एका शाळेच्या जिममध्ये. मी ठरवलं, या वर्षी माझी मुलगी बोलेल. आणि शुद्ध बोलेल.

भाषण मी लिहिलं. दोन पानं, इंग्रजी अक्षरांत, कारण तिला देवनागरी वाचता येत नव्हती. 'आदरणीय व्यासपीठ, उपस्थित मान्यवर' पासून सुरुवात. मधे 'ज्ञानाची कवाडे', 'गुलामगिरीच्या शृंखला', जे जे मी दहाव्या वर्षी ठोकलं होतं ते ते सगळं. महिनाभर रोज जेवणाआधी घोकून घेतलं. एकदा तिनं विचारलं, "आई, कवाडे मीन्स व्हॉट?" मी म्हटलं, "दारं. पण तू आधी पाठ कर." आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

जिममध्ये दीडशे-दोनशे माणसं असतील. मुंबईचे, पुण्याचे, नागपूरचे, सगळे. बाहेर बर्फाचे काळपट ढीग अजून वितळायचे होते. आम्ही पुढच्याच रांगेत बसलो. पोरगी स्टेजवर गेली, फोटोला हार घातलेला होता त्याला हात जोडले, माइक खाली केला. आदरणीय व्यासपीठ झालं, मान्यवर झाले, आणि तिसऱ्या वाक्यात गाडी अडकली. मी ओठ हलवून पुढचा शब्द सांगत होते. ती माझ्याकडे बघत होती, पण तिला काही कळेना.

मग तिनं हातातला कागद खाली केला.

"ॲक्च्युअली, मला पुढचं आठवत नाहीये," ती म्हणाली. "सो मी माझ्या आजीचं सांगते. माझी आजी आहे ना, शी वॉज फॉर्टी जेव्हा ती लिहायला शिकली. बिकॉज ती छोटी होती तेव्हा तिला कोणी शाळेत जाऊच दिलं नाही. अँड देन माझ्या आईचा टेन्थचा फॉर्म होता, तर आजी शाळेत गेली साइन करायला. अँड तो क्लार्क, ही ब्रॉट द इंकपॅड, म्हणाला, बाई, अंगठा लावा. अँड आजी वॉज लाइक, 'कायले लावू अंगठा? मले सही येते ना!'"

सगळ्या जिममध्ये हशा फुटला. कॅनडात वाढलेल्या पोरीच्या तोंडून, त्या गोल गोल उच्चारात, अस्सल वऱ्हाडी. आधीच्या इंग्रजीला लोक गालातल्या गालात हसतच होते, आता मोठ्यानं हसले. माझ्या बाजूच्या दोघी पुण्याच्या होत्या. त्या हसून माझ्याकडे वळल्या.

आणि मी हसले. नुसतं हसले नाही, कपाळाला हात लावून, मान हलवून हसले. काय करायचं बाई या पोरीला, असं. मला त्या दोघींना कळवायचं होतं की हे चुकतंय हे मलाही समजतं, मी तुमच्यातलीच आहे. आणि ज्या फॉर्मची ती गोष्ट सांगत होती तो माझाच होता. त्या क्लार्कच्या टेबलापाशी आईला खेटून मीच उभी होते. आईनं ती सही करायला दोन मिनिटं लावली होती आणि त्या दोन मिनिटांत मला रडू आलं होतं. ही गोष्ट मी पोरीला कधी सांगितली नव्हती. तिनं आजीकडून मिळवली होती, आजीच्या शब्दांसकट.

पोरगी थांबली. "सो, दॅट्स व्हाय आपण जयंती करतो," एवढं म्हणाली, थँक यू म्हणाली आणि खाली आली. टाळ्या भरपूर पडल्या. एका काकांनी चॉकलेट दिलं, किती गोड बोलते म्हणाले. हसण्यात कोणाच्याच मनात वाईट नव्हतं, आणि म्हणूनच भांडायलाही कोणी सापडत नाही. परतीच्या दोन तासांत ती गाडीत खिडकीला डोकं लावून झोपली होती. निदान डोळे मिटलेले होते.

सोमवारी लंचरूममध्ये मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. नक्कल करून. बाकीचे हसले. माझी मेक्सिकन मैत्रीण हसली नाही. तिनं काटा खाली ठेवला.

"आणि तू?"

"मी काय?"

"तू हसलीस?"

"छे," मी म्हटलं. "मी कशाला हसेन?"

तिनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोललं की माझी मान आपोआप डब्यात जाते. मग ती सांगायला लागली. नऊ वर्षांची होती ती. पुलापलीकडे, आजीच्या वाढदिवसाला, सगळं गणगोत जमलेलं. तिनं आजीसाठी चार ओळी मनानं जुळवल्या होत्या आणि खुर्चीवर उभी राहून म्हटल्या. मावश्या हसल्या, मामा म्हणाला, ऐका ऐका, आमची पोचो बोलतेय. "ते मी कधीच मनातून काढून टाकलं," ती म्हणाली. "मामाचं काय, मामा सगळ्यांनाच चिडवायचा. पण माझी आईसुद्धा हसली. ती रोज माझ्याशी तसंच बोलायची. अर्धं हे, अर्धं ते. घरात आमची तीच भाषा होती. तरी आपल्या बहिणींसमोर ती हसली."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. त्यानंतर मी आईशी स्पॅनिशमध्ये बोलले नाही. ती स्पॅनिशमध्ये विचारायची, मी इंग्रजीत सांगायचे. ती गेली तोपर्यंत. शेवटी शेवटी तिचं इंग्रजी विसरत चाललं होतं, तरी माझं तोंड उघडलं नाही. तू मला त्या शब्दाचा अर्थ विचारलास तेव्हा मी तुला फळाबिळाचं सांगितलं. ते पुस्तकातलं झालं."

ती डबा धुवायला उठली. मी तिथेच बसून राहिले. माझा भात गार झाला होता.

घरी पोरीनं काही केलं नाही. रुसली नाही, रडली नाही. फक्त मराठी बंद. मधे मधे पेरायची तेसुद्धा गेलं. वरणाचं दाल झालं, आजोळचं ग्रँडमाज प्लेस. मला आधी वाटलं, होईल चार दिवसांत ठीक. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली. रविवारी मी फोन पुढे केला की ती म्हणायची, "हाय आजी, आय हॅव होमवर्क," आणि फोन माझ्या हातात देऊन जिना चढून जायची. आई तिकडून विचारायची, "काऊन व, पोट्टी बोलत नाही?" मी म्हणायचे, अभ्यास असतो गं. दर रविवारी अभ्यास. आई म्हणायची, "असू दे." तिचं वय वाढत होतं आणि नागपूरला जायचं आमचं दर वर्षी पुढल्या वर्षावर जात होतं. या दोघींमधला एकच रस्ता होता आणि तो मी माझ्या हातानं बंद केला, हे मला रात्रंदिवस खात होतं. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका लिहून ठेवायचे, आणि ही एक कोणाला सांगायची सोय नव्हती.

माफी मागायला मला दीड वर्ष लागलं. आमच्याकडे आईबापांनी पोरांची माफी मागायची पद्धत नाही. मला माझ्या आईनं एकदा विनाकारण मारलं होतं, तर संध्याकाळी तिनं शिरा केला, संपलं. मी पण शिरा करून पाहिला. पोरगी म्हणाली, टू स्वीट.

शेवटी एका शनिवारी ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडी बंद केल्यावर, मी स्टिअरिंगकडे बघत म्हटलं, "त्या दिवशी व्हिटबीला मी हसले. मी हसायला नको होतं."

"आय नो," ती म्हणाली.

"सगळेच हसत होते, म्हणून..."

"आई, आय वॉजन्ट लुकिंग ॲट देम. आय वॉज लुकिंग ॲट यू." तिचा आवाज चढलाही नाही. मग म्हणाली, "कॅन वी गो इन? इट्स कोल्ड."

आम्ही आत गेलो. दूध, ब्रेड, कांदे घेतले. तिनं पिशव्या उचलल्या, गाडीची डिकी लावली. मी सॉरी म्हटलं होतं, ते तिनं घेतलंही होतं बहुतेक. पण घरी आल्यावर मी विचारलं, "चहा घेतेस का?" तर ती म्हणाली, "नो, आय एम गुड."

दुसऱ्या दिवशी रविवार. आईला फोन लावला आणि तिनं पोरीचं नाव काढायच्या आधीच मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं. भाषण, तिची सहीची गोष्ट, लोकांचं हसणं, माझं हसणं. म्हटलं, आई, तुझ्याच शब्दांना हसले मी. लोकांना दाखवायला हसले. पोरीची मराठी मी घालवली. तिच्याशी बोलायची तुझी आस होती, तीही मीच तोडली.

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं लाइन कटली.

"कोण म्हणते गेली म्हणून?" आई म्हणाली. "बोलते ना थे माह्याशी."

"कधी?"

"सकाळी. तू कामावर गेली का लावते फोन. इथं सांज झालेली असते. शाळेत जायच्या आधी बोलते. लय गोड बोलते व पोट्टी. काही काही इंग्रजी घालते, मले समजते बरोबर. परवा तर मले हसू हसू पुरे केलं तिनं."

माझा नवरा सहालाच मिसिसागाला कामावर जायला निघायचा, मी सव्वासातला. त्यानंतर तासभर ती घरात एकटी असायची. फोन कार्डाचे ते लांबलचक आकडे तिला पाठ असणार. मला वाटलं होतं, ती त्या तासात झोपते.

"कधीपासून बोलते?" मी विचारलं.

"झालं असंन वर्ष."

"मग तू मला दर रविवारी विचारत होतीस, पोरगी का बोलत नाही म्हणून?"

"तिनं सांगितलं होतं ना, आईले सांगू नको. नाही इचारलं तर तुले शंका आली असती." मग आईचा आवाज हळू झाला. "तू तिले काही इचारू नको आता. बोलून राहिली थे, बोलू दे."

मी नाही विचारलं. तिलाही कधी कळू दिलं नाही की मला माहीत आहे. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलत राहिली, अगदी नीट, आदरानं. तिची मराठी आहे, ती अजून आहे, पण मी घरात असले की नसते.

माझी बस सात पंचवीसची होती, स्टॉप घरापासून पाच मिनिटांवर. सोमवारपासून मी पावणेसातलाच घर सोडायला लागले. बाहेर उणे अठरा असो नाहीतर वीस. नवऱ्याला वाटलं, ऑफिसात काम वाढलंय. मी स्टॉपवर अर्धा तास उभी राहायचे, म्हणजे तेवढंच त्या दोघींना जास्त बोलता येईल.